वफादारी राउंडनंतर

दुबईतल्या करामा भागात नोव्हेंबरमधला एक दिवस असा येतो, की आई सकाळी एसी बंद करते आणि हॉलची खिडकी उघडते. एप्रिलपासून बंद असलेली खिडकी आधी हट्ट करते, मग एकदम सरकते आणि बाहेरचं सगळं एकाच वेळी घरात येतं. खालच्या हॉटेलातल्या डोशाच्या तव्याची चरचर, डिलिव्हरीच्या मोटारसायकली, समोरच्या बाल्कनीत चादर झटकणाऱ्या काकूंचा फोनवरचा गुजराती संसार, आणि या सगळ्याच्या खालून, पार्किंगच्या पलीकडच्या कोर्टवरून, बॉलचा ठप ठप आवाज. तिथे सुट्टीच्या दिवशी फिलिपिनो मुली खेळतात. हवा कोरडी आणि जराशी गार असते. आई पदराने गळा पुसायच्या सवयीने हात वर नेते, आणि पुसायला काही नाही हे लक्षात आल्यावर म्हणते, "सुटलो बाई!" आमच्या इथला हिवाळा आधी कानांना कळतो.

त्या दिवसाच्या आसपास माझा फोनही जागा होतो. आमचा एक ग्रुप आहे, ‘टेबलवाल्या’ नावाचा. सहा कॉलेजांच्या मुलींच्या बास्केटबॉल टीम होत्या, आणि प्रत्येक टीमची एक स्कोअरर. म्हणजे खेळाडूंसारखे बूट घालून, खेळाडूंच्या बसमधून येऊन, कोर्टच्या बाजूला टेबलावर बसून कोणी बास्केट केली, कोणाचा फाउल झाला, हे कागदावर लिहिणारी. आम्ही त्या सहाजणी. आता एक बँकेत आहे, एक हॉस्पिटलमध्ये, एकीला बाळ झालंय. उन्हाळाभर ग्रुपवर केकच्या फोटोंशिवाय काही येत नाही. पण लीग सुरू झाली, की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी काडी टाकतं: यंदा कोच ऑफ द इयर कोण?

मत द्यायचा हक्क आता आमच्यापैकी एकीलाही नाही. तरी भांडण कडक होतं. जिची टीम पहिली आली तिलाच द्या. नाही, शेवटच्या टीमला मधे आणणारीला द्या. पण तिला खेळाडू किती चांगल्या मिळाल्या ते बघा ना. मग काय, चांगल्या खेळाडू मिळणं गुन्हा आहे? अमेरिकेत म्हणे कॉलेजच्या मुलींच्या लीगबद्दल हाच वाद टीव्हीवर सूट घातलेली माणसं तासन्‌तास घालतात. आम्ही तो ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्या राहून, एका हाताने सँडविच खात घालतो. मी सगळं वाचते, उत्तर टाइप करते, पुसते, परत टाइप करते, आणि शेवटी एक अंगठा पाठवते. माझा आवाज असा अंगठ्याएवढाच आहे, असं ग्रुपवर सगळ्यांचं मत आहे. फक्त एका मार्चमध्ये तो जरा मोठा झाला होता. त्याची आठवण काढून त्या अजून मला चिडवतात.

त्या वर्षी मी अल ऐनला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होते आणि हॉस्टेलवर राहत होते. अल ऐन म्हणजे खजुराची झाडं, गोल चौक आणि शांतता. दुबईची सवय असलेल्या माणसाला तिथे पहिले काही दिवस कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मला मात्र ते गाव लगेच आवडलं. तिथे कोणी उगीच बोलत नाही.

बास्केटबॉल खेळायला मी गेलेच नव्हते, असं मी सांगते. खरं म्हणजे गेले होते. ट्रायलच्या दिवशी बूट घालून जिमच्या दारापर्यंत गेले, आत पंचवीस मुली एकमेकींना नावाने हाका मारताना दिसल्या, आणि मी पाण्याची बाटली भरायला आल्यासारखी कूलरकडे वळले. बाटली आधीच भरलेली होती. मागून आवाज आला, "अगं ए, पाणी सांडायला लागलंय बघ."

मराठी! अल ऐनच्या त्या जिममध्ये, एसीच्या घरघरीत, चक्क मराठी. वळून बघितलं तर गळ्यात शिट्टी, केसांचा घट्ट अंबाडा, कमरेवर हात. वैशाली मॅडम. मूळच्या सांगलीच्या, स्वतः राज्यापर्यंत खेळलेल्या, लग्नानंतर इकडे आलेल्या आणि आमच्या कॉलेजात खेळाच्या शिक्षिका असलेल्या.

"खेळायचंय?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही माहीत नव्हतं.

"नाही खेळायचं? बरं. अक्षर कसंय?"

"बरंय."

"मग लिही."

त्या दिवसापासून मी टेबलावर. ती जागा जणू माझ्यासाठीच कोणीतरी बनवली होती. कोर्टच्या अगदी मधोमध, दोन्ही टीमच्या बाकांच्या मधे, समोर कागद, हातात दोन रंगांची पेनं. सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, आणि तुमच्याकडे कोणी बघत नाही. मॅच आमच्याकडे असेल तर मुख्य स्कोअरर मी, दुसरीकडे असेल तर तिथल्या स्कोअररच्या शेजारी. टेबलाचा एक नियम होता: इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. समोरच्या टीमच्या कोचने टाइम-आउटमध्ये काय सांगितलं, ते आपल्या कोचला जाऊन सांगायचं नाही. मला तो नियम पाळायला काहीच कष्ट पडले नाहीत.

आजही बंद जिमचा वास आला की ते महिने परत येतात. रबराच्या फरशीचा वास, स्नायूंना चोळायच्या मलमाचा वास, आणि त्यावर तरंगणारा बखूर. इमिराती मुलींच्या घरात कपड्यांना त्या धुपाची धुरी देतात, त्यामुळे त्यांनी जर्सी घातली तरी देवघरातून आल्यासारख्या त्या दरवळायच्या. बूट फरशीवर घासले की चिमणीसारखा आवाज. आणि मॅडम.

"पाय हलवा, पाय! पाय काय भाड्यानं आणलेत?" हे त्या हिंदीत ओरडायच्या, मग इंग्लिशमध्ये, आणि फारच राग आला की मराठीत. मराठी टीममध्ये फक्त मला कळायचं. तरी सगळ्या मुली मराठीला सर्वात जास्त घाबरायच्या. "आर युअर लेग्ज ऑन रेंट?" हे तर कॉलेजात इतकं पसरलं, की कॅन्टीनच्या रांगेत पुढे न सरकणाऱ्यालाही तेच ऐकवायचे.

आमची कॅप्टन जिन्सी, चार नंबरची जर्सी. मल्याळी, उंच, वाऱ्यासारखी पळणारी, आणि आपण वाऱ्यासारख्या पळतो हे चांगलं माहीत असलेली. तिच्यामुळे आणि मॅडममुळे आदल्या वर्षी शेवटी असलेली आमची टीम त्या वर्षी फायनलला गेली. फायनल हरलो, ते दुबईच्या कोच टीनांच्या टीमकडून. टीना फिलिपिनो होत्या आणि त्या दरवर्षीच जिंकायच्या. त्यांच्याकडून हरणं हे आमच्याकडे पावसाळ्यात भिजण्यासारखं समजत.

जानेवारीत एकदा प्रॅक्टिस संपल्यावर बॉल जाळीत भरताना मॅडम सहज म्हणाल्या, "यंदा कोच ऑफ द इयर मिळालं ना, तर आईला फोटो पाठवीन. तिला अजून वाटतं, मी इथं पोरांना रांगेत उभं करून शिट्ट्या मारते." हसून म्हणाल्या. मग जाळीची गाठ एकदा मारली, सोडली, परत मारली. माझं लक्ष त्या गाठीकडेच गेलं. त्यांना ते किती हवं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता त्या पुरस्काराची पद्धत सांगायला हवी, कारण ती मी आणखी कुठे पाहिलेली नाही. मत कोचना नव्हतं, कॉलेजच्या साहेबांनाही नव्हतं. सहा टीमच्या सहा कॅप्टन आणि सहा स्कोअरर, अशी बारा मतं. सीझन संपल्यावर सगळ्या एका वर्गात बसायच्या. सहा कोच बाहेर कॅन्टीनमध्ये एकमेकींना केक वाढत, आपल्याला काही पडलेलं नाही असा चेहरा करून बसायच्या. पहिल्या फेरीत हात वर करून मत. त्यात प्रत्येक कोचला बरोब्बर दोन मतं पडायची, कारण प्रत्येक मुलगी आपल्याच कोचला द्यायची. दरवर्षी. याला शारजाच्या मुलींनी नाव ठेवलं होतं, ‘वफादारी राउंड’. तो झाला, टाळ्या वाजल्या, बाहेर जाऊन आपल्या कोचला सांगायची सोय झाली, की मग खरी फेरी. खऱ्या फेरीत एकेकीने उभं राहून आपलं मत बोलून दाखवायचं. त्यात दोन नियम. किती मॅच जिंकल्या हे सांगायचं नाही. तो आकडा सगळ्यांना माहीत असतो. आणि ती कोच का, हे सांगताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगायची. फक्त एक.

उभं राहून. सगळ्यांसमोर. बोलायचं. मी फेब्रुवारीपासून दिवस मोजत होते.

मतदानाच्या आदल्या रविवारी मी घरी करामात होते. जेवताना विषय निघाला. बाबा ट्रेडिंगमधले, त्यांना प्रत्येक प्रश्न सरळ दिसतो.

"जिची टीम जिंकली तिला द्यायचं. यात चर्चा कसली? खलास."

"अहो, पण आपली वैशाली?" आई म्हणाली. मॅडम एकदा आमच्याकडे जेवून गेल्या होत्या आणि आईच्या मसालेभाताला दोनदा छान म्हणाल्या होत्या. "परदेशात आपलं माणूस सोडून दुसऱ्याला मत द्यायचं म्हणजे काय! ईशाला हाताला धरून आणलं तिने."

माझी बहीण रिया ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स अ कोचिंग अवॉर्ड. नॉट हळदीकुंकू."

"तू गप गं. ईशा, तू तिलाच देणार आहेस ना?"

मी म्हणाले, "भात वाढ."

कारण तोवर मला माहीत होतं, की माझ्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आहे, आणि ती मॅडमची नाही.

उम्म अल कुवैनच्या छोट्या कॉलेजची टीम होती. टीम कसली, आठ मुली. त्यातली एक कायम आजारी. त्यांच्या कोच हनान सुदानच्या होत्या, बायोलॉजीच्या लॅबमध्ये शिकवायच्या. स्वतः कधी बास्केटबॉल खेळलेल्या नव्हत्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकल्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या. सैल ट्रॅकसूट, डोक्यावर फिकट रंगाचा स्कार्फ, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. ओरडायच्या नाहीत. त्यांची टीम बहुतेक मॅच हरायची, आणि आमच्या मुली त्यांच्याशी मॅच असली की बसमध्ये गाणी जरा जास्त जोरात म्हणायच्या.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या मॅचमध्ये त्यांनी टाइम-आउट मागितला. टाइम-आउट एका मिनिटाचा. आमच्या बाकावर मॅडमनी पहिल्याच सेकंदाला पाटी काढली, बाण काढले, पाच मुलींना पाच कामं दिली, दोन शिव्या दिल्या आणि पाणी पाजलं. दुसऱ्या बाकावर हनान मिसनी चष्मा काढला आणि विचारलं, "व्हॉट डिड यू सी?"

तुम्हाला काय दिसलं?

दोघी-तिघींनी काहीतरी सांगितलं. मग त्या नऊ नंबरकडे वळल्या. नूरा नावाची बारीक मुलगी, स्वतःच्या बुटांशिवाय कुठेच न बघणारी. "नूरा, तुला?" नूरा गप्प. आणि हनान मिस थांबल्या. नुसत्या थांबल्या. घड्याळ माझ्यासमोर होतं. दहा सेकंद. वीस. टीम वीस पॉइंटने मागे, मिनिट वाळूसारखं गळतंय, आणि ही बाई एका न बोलणाऱ्या मुलीसमोर वाकून उभी, जणू तिला दुसरीकडे कुठे जायचंच नाही. मिनिट संपलं. नूरा काही बोलली नाही. हनान मिस म्हणाल्या, "ओके. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला. यल्ला, यल्ला!" आणि मुली काही प्लॅन नसताना परत कोर्टवर गेल्या. मला इतकी लाज वाटली, की मी फाउलच्या रकान्यात उगीच गिरवत बसले. लाज त्यांची नव्हती. वर्गात शिक्षकांनी माझ्याकडे बघितल्यावर किती सेकंदांनी ते ‘बरं, दुसरं कोणी?’ म्हणतात, ते मला शाळेपासून पाठ होतं. तीन.

डिसेंबरमध्ये शारजाविरुद्ध त्यांची मॅच होती. मी तिथे बदली स्कोअरर म्हणून गेले होते. तेव्हा बारा सेकंद लागले, आणि नूरा बोलली, "आय डोन्ट नो." हनान मिस इतक्या खूश झाल्या, जणू तिने बास्केट केली. "गुड! मग बघ आणि सांग."

जानेवारीत आमच्याशी परत मॅच. यावेळी त्यांच्याच जिममध्ये, समुद्राच्या खाऱ्या वासात. आम्ही आरामात पुढे होतो. टाइम-आउट झाला. नेहमीचा प्रश्न. या खेपेला मी मोजायला लागण्याआधीच नूरा म्हणाली, "नंबर फोर ओन्ली गोज लेफ्ट."

माझं पेन थांबलं.

खरं होतं ते. जिन्सी कितीही वेगात आली तरी शेवटच्या क्षणी डावीकडेच वळायची. उजवीकडे ती कधी जायचीच नाही. वेगामुळे कोणाच्या लक्षात यायचं नाही. मला ते नोव्हेंबरपासून दिसत होतं. प्रत्येक मॅचला दिसत होतं. मी ते कोणालाच बोलले नव्हते, आणि ही बुटांकडे बघणारी मुलगी बोलली होती.

उरलेल्या वेळात त्यांनी जिन्सीची डावी बाजू बंद केली. दोघीजणी तिथे नुसत्या उभ्या राहायच्या, दार लावल्यासारख्या. जिन्सीला काही कळेना, ती तीनदा भिंतीला धडकावं तशी त्यांना धडकली. आमचा सगळा लीड गेला. शेवटी एका पॉइंटने कशाबशा जिंकलो. बसमध्ये गाणी झाली नाहीत. मॅडम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून पुटपुटत होत्या, "त्या पोरींना सांगितलं कुणी? कुणी सांगितलं?" मी खिडकीतून बाहेर बघत होते. टेबलावर ऐकलेलं टेबलावर.

आणि आता मार्च, दुबईतल्या एका कॉलेजचा वर्ग, फळ्यावर सहा नावं, वफादारी राउंड नेहमीसारखा दोन-दोनचा. मग खरी फेरी.

अजमानच्या स्कोअररने वैशाली मॅडमना मत दिलं. तिने पाहिलेली गोष्ट: मॅच संपल्यावर अजमानच्याच एका मुलीच्या पायात गोळा आला, तेव्हा मॅडम फरशीवर मांडी घालून तिचा पाय चोळत होत्या, आणि पाणी कमी पिते म्हणून समोरच्या टीमच्या मुलीला आपल्या मुलीसारखी झापत होत्या. टीनांच्या स्कोअररने टीनांना दिलं. दरवर्षी जिंकूनही त्या हरलेल्या मॅचचेच व्हिडिओ बघत बसतात, असं तिने पाहिलं होतं. त्यांचीच कॅप्टन मात्र उठून म्हणाली, "आमच्या कोचकडे एवढे कप आहेत, की एकात त्या कारची चावी ठेवतात. मी हनान मिसना देते. मॅच हरल्यावर त्या स्वतःच्या प्रत्येक मुलीशी हात मिळवतात, थँक यू म्हणतात. मी कधी हरत नाही, त्यामुळे मला माहीतच नाही, हरल्यावर काय म्हणतात ते." सगळ्या हसल्या, पण ती स्वतः जरा गंभीर झाली होती.

जिन्सी उठली. मला वाटलं, ती फायनलचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "माझे अप्पा मला खेळू देत नव्हते. मॅडम आमच्या घरी आल्या. अप्पांनी चहा दिला आणि नाही म्हणाले. परत आल्या. परत चहा, परत नाही. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, चहा नको, मॅच बघायला या. अप्पा आले. आता ते मला प्रॅक्टिसला सोडतात आणि रेफरीच्या चुका काढतात." ती बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी शेजारीच होते. तिने टेबलाखाली माझा हात दाबला. आता तुझी पाळी, असं.

मी उठले. इतक्या सगळ्या चेहऱ्यांकडे एकदम बघायची मला सवय नव्हती, म्हणून मी फळ्याकडे बघितलं. मला मॅडमनी पाण्याच्या कूलरपाशी पकडलं होतं, तीही माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती. ती सांगितली असती तरी खोटं झालं नसतं. पण तो वफादारी राउंड परत एकदा झाला असता.

मी सांगितलं. नोव्हेंबरचे वीस सेकंद आणि पुढचं सगळं, डिसेंबरचे बारा, जानेवारी. जानेवारीत नूरा काय म्हणाली, ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती, त्यामुळे तेही सांगितलं. नंबर फोर ओन्ली गोज लेफ्ट. सीझन संपला होता, टेबलाचा नियम आता सुटला होता, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण नंबर फोर माझ्या शेजारीच बसली होती, आणि सहाही टीम समोर. बारा मुलींपैकी नऊ एकदम "ओ‌ऽऽ" म्हणाल्या. पुढच्या वर्षीच्या पाच कॅप्टनना एक फुकटचं गुपित मिळालं होतं.

"ईशा!" जिन्सी म्हणाली. "यू आर अ स्नेक, यार."

नूरा कोपऱ्यात होती. त्या टीमला कॅप्टन व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून हनान मिसनी शेवटच्या महिन्यात तिला केलं होतं. ती बुटांकडे बघत होती आणि कानापर्यंत लाल झाली होती.

हनान मिस सहा, वैशाली मॅडम पाच, टीना एक. माझं मत इकडचं तिकडे केलं की काय झालं असतं, ते सांगायला स्कोअरर लागत नाही.

निकाल सांगितला तेव्हा मॅडमनी सर्वात मोठ्याने टाळ्या वाजवल्या. हनान मिसना मिठी मारली. हनान मिस चष्मा शोधत होत्या, तो गळ्यातच होता. फोटो झाले. मॅडमच्या हातात फोन होता, त्यांनी सगळ्यांचे फोटो काढले. आईला पाठवायचा तो फोटो निघाला नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

परतीला आम्ही तिघीच मॅडमच्या गाडीत. दुपारचं लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना लाल होत जाणारी वाळू, कुंपणापलीकडे उंट. जिन्सी मागे कानात इअरफोन घालून बसली होती. मी पुढे. अर्ध्या वाटेपर्यंत मॅडम ट्रकवाल्यांवर बोलल्या, ऊन किती वाढलंय त्यावर बोलल्या.

मागून जिन्सी म्हणाली, "मॅडम, तिला विचारा तरी, तिने कोणाला व्होट दिलं."

"मला माहितीये," मॅडम म्हणाल्या. "तोंडावर लिहिलंय तिच्या. अक्षर चांगलंय."

मी सगळं सांगून टाकलं. मराठीत. घाईत, अडखळत, समोरच्या रस्त्याकडे बघत. शेवटी म्हणाले, "सॉरी मॅडम."

"वाईट वाटलं गं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? हवं होतं मला." त्यांनी एक ट्रक मागे टाकला. "पण थांब. चार नंबर डावीकडंच जाते, हे त्या पोरीनं जानेवारीत बघितलं. तू कधी बघितलंस?"

"नोव्हेंबरमध्ये."

गाडीचा वेग कमी झाला.

"नोव्हेंबर? त्यांच्या बाकावर काय बोलले ते सांगू नकोस, ठीकाय. पण हे तर तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं. चार महिने तू माझ्या बसमध्ये बसलीस, माझ्या डब्यातले धपाटे खाल्लेस, आणि मला बोलली नाहीस? फायनल हरलो आपण, ईशा! टीनाच्या पोरी काय आंधळ्या होत्या? त्यांनीही डावी बाजूच धरली होती!"

मतासाठी रागावतील, याची मी तयारी केली होती. याची नव्हती. त्यामुळे जे खरं होतं तेच तोंडातून गेलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

असं काही मी कोणाही मोठ्या माणसाला तोवर म्हटलं नव्हतं. मागे जिन्सीने एक इअरफोन काढला. मॅडमनी गाडी रस्त्याकडेच्या कॅफेटेरियासमोर घेतली आणि हॉर्न वाजवला, गरजेपेक्षा बराच लांब. आतला माणूस घाबरून धावत आला. "तीन करक," त्या म्हणाल्या.

चहा आला. कागदी कप, वेलचीचा वास, हाताला चटका. मॅडमनी एक घोट घेतला, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पूर्ण वळून बसल्या.

"विचारते," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय बघितलंस?"

मला वाटलं, आता सुचणार नाही. पण वर्षभर टेबलावर बसून मी काय करत होते? मी म्हणाले, आपली सात नंबर दमली की आधी डाव्या हाताने केस सारखे करते, मग चूक करते. म्हणजे केसांना हात लागला की तिला बाहेर घ्यायचं. मी म्हणाले, आपण फ्री थ्रो घेताना तुम्ही शिट्टी दातात धरता, तेव्हा मुली बास्केटऐवजी तुमच्याकडे बघतात.

"मी?"

"हो."

"चावते मी शिट्टी?"

"दरवेळी."

"खरंय, मॅडम," जिन्सी मागून दोन्ही सीटच्या मधे डोकं घालून म्हणाली. "व्हेरी स्केअरी. आणि ईशा, माझं आणखी काय आहे ते आत्ताच सांग, पुढच्या मार्चमध्ये सगळ्यांसमोर नको."

"तुझं दोन मिनिटांत संपणार नाही," मी म्हणाले.

मॅडम एवढ्या हसल्या, की चहा स्टिअरिंगवर सांडला. मग त्यांनी डॅशबोर्डच्या खणातून फाउल लिहायचा कोरा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला, मागची बाजू वर करून. "लिही सगळं. नाही, लिहू नकोस. बोल. लिहिलंस की परत चार महिने कळायचं नाही मला."

गाडी निघाली. अल ऐनचा पहिला गोल चौक आला, मग दुसरा. हॉस्टेलचा रस्ता मागे गेला आणि मॅडम वळल्या नाहीत. जिन्सीने तिकडे बोट दाखवलं.

"दिसलंय मला," मॅडम म्हणाल्या. "तिचं बोलून होऊ दे."